त्याच्या नावाची मूठ

श्रावणात नागपंचमीनंतरचा रविवार आला की आमच्या घरात गहू मोजायचं काम निघायचं. मोजायचं म्हणजे मापाने नाही, मुठीने. खानदेशात ज्या घरांत कानबाई बसते तिथे हे असतंच. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू सुपात घ्यायचे, ते दळायचे आणि त्याच पिठाचे रोट करायचे. नारळाला डोळे आणि नथ लावून सजवलेली कानबाई चौरंगावर बसलेली असते. तिच्यापुढे रोट, खीर, गंगाफळाची म्हणजे लाल भोपळ्याची भाजी ठेवायची आणि मग घरच्यांनीच खायचं. घरच्यांनीच म्हणजे अगदी घरच्यांनीच. शेजारी नाही, जावई नाही, दारात आलेला पाहुणा नाही. उरलेला रोट गाईलासुद्धा घालायचा नाही, राखीपौर्णिमेच्या आत भाऊबंदांनीच संपवायचा.

पोरींच्या नावाची मूठ नसायची. लहानपणी मी यावरून मायशी दरवर्षी भांडायचे.

"मन्ही मूठ काबरं नही?"

"मन्ही तरी कोठे शे?" माय म्हणायची आणि पुढची मूठ भरायची.

तिच्या आवाजात तक्रार नसायची. घरात आज साखर संपली आहे असं सांगावं तसं ती ते सांगायची. याचाच मला जास्त राग यायचा. तिच्या लेखी नियम एकच होता आणि तो तिने मला पाठ करून दिला होता: "मूठ जित्ता मानसनी. मानूस गया का मूठ गयी." आजोबा गेले त्या श्रावणात सवयीने तिचा हात गव्हाच्या डब्यात गेला आणि मूठ भरलीही गेली. मग तिने ती हळूच परत सोडून दिली. मी समोर बसले होते. गहू डब्यात पडल्याचा तो आवाज मला अजून आठवतो.

आमचं गाव जळगाव आणि धुळ्याच्या मधोमध, हायवेपासून थोडं आत. शिकलेल्यांनी एक तर या बाजूची एस.टी. पकडायची नाही तर त्या. मी धुळ्याची पकडली. मुलींच्या शाळेत भूगोल आणि नागरिकशास्त्र शिकवायला लागले, तिथलाच नवरा केला. माझा धाकटा भाऊ जळगावला गेला. त्याला शिक्षणाचा कंटाळा होता पण अक्षरांचा नव्हता. तो एका छापखान्यात खिळे जुळवायला लागला. शिशाची एकेक उलटी अक्षरं उचलून ओळ बांधायची आणि ती उलटीच वाचून चूक काढायची, असं ते काम. लग्नपत्रिका, सभांची हँडबिलं, पतपेढीचे अहवाल सगळं त्याच्या बोटांतून जायचं. घरी आला की कोणाच्या पत्रिकेत कोणत्या मामाचं नाव गाळलं आणि त्यावरून मांडवात काय रामायण झालं, ते अशा थाटात सांगायचा की आबा हसता हसता ठसका लागून उठून जायचे. आबा म्हणजे आमचे वडील. फारसं न बोलणारा माणूस. त्यांना हसवणं फक्त त्यालाच जमायचं.

एकदा सुट्टीत तो एक पत्रक घेऊन आला. जळगावातले एक गृहस्थ ते छापून घ्यायचे. स्वच्छ पांढरा शर्ट, मृदू आवाज, सगळे त्यांना सर म्हणायचे. कुठे शिकवत होते, की नव्हतेच, मला शेवटपर्यंत कळलं नाही. पत्रकाचं म्हणणं असं होतं की समुद्रापलीकडे मूठभर माणसं एका खोलीत बसली आहेत आणि ती साऱ्या जगाचं एकच सरकार बनवणार आहेत. बँका त्यांच्या, बियाणं त्यांचं, औषधं त्यांची. देशांच्या सीमा पुसल्या जातील, माणसांना नावाऐवजी नंबर मिळतील, आणि आपल्याला पत्ता लागायच्या आत आपण गुलाम झालेले असू.

"अक्का, तुन्हा नववीना धडामा हाई काबरं नही?" तो मला चिडवत म्हणाला. माझ्या नागरिकशास्त्राच्या पुस्तकात सगळ्या देशांच्या मिळून असलेल्या संस्थेवर एक धडा होता. निळा झेंडा, त्यावर जगाचा नकाशा आणि दोन डहाळ्या. पोरी ते चित्र फार हौसेने काढायच्या. पत्रकात लिहिलं होतं की त्या डहाळ्या नाहीत, तो फास आहे.

आम्ही दोघं पोट धरून हसलो. मायने विचारलं काय झालं, तर तो म्हणाला, "माय, तुले आते नंबर भेटनार शे." माय म्हणाली, रेशनकार्डावर आहे तो पुरे.

हे हसणं किती दिवस टिकलं ते मला सांगता येणार नाही. असा एखादा दिवस नसतोच, ज्या दिवशी माणूस हसायचं थांबतो. मला इतकंच माहीत आहे की छापखान्याच्या मालकाने कॉम्प्युटर आणला आणि खिळ्यांच्या पेट्या भंगारात वजनावर गेल्या. माझ्या भावाला मालकाने काढलं नाही. कागदाच्या गठ्ठ्यांना दोरी बांधायला ठेवलं. ज्याच्या बोटांना साऱ्या जळगावच्या मामांची नावं पाठ होती, तो दोरी बांधत बसला. का असं झालं, हे त्याला कोणी नीट सांगितलं नाही. मालकाने खांदे उडवले. आबा म्हणाले, जमाना बदलतो. मी म्हणाले, टायपिंग शीक. एकट्या सरांनी त्याला जवळ बसवून सांगितलं की हे तुझ्या एकट्याचं नाही, हे ठरवून चाललंय आणि ठरवणारे कोण ते मला माहीत आहे.

त्याच सुमारास परदेशी व्यापाराच्या कराराची चर्चा गावोगाव सुरू झाली होती. कापसाचं काय होणार, बियाणं दरवर्षी विकत घ्यावं लागणार का, हे पारावर बसलेली शहाणी माणसंही विचारत होती आणि ते विचारण्यासारखंच होतं. मलाही त्याची उत्तरं येत नव्हती. सरांची हुशारी इथेच होती. ते खऱ्या काळजीपासून सुरुवात करायचे. कापूस, बियाणं, कॉम्प्युटर, इथपर्यंत कोणीही मान डोलवावी. मग पुढची पायरी, मग त्याच्या पुढची, आणि ऐकणारा कधी खोल उतरला हे त्यालाच कळायचं नाही. माझा भाऊ तर आधीच एकटा पडलेला.

मी एकदा जळगावला त्यांच्या खोलीवर गेले. तेलाच्या दुकानावरची माडी. सतरंजी, कोपऱ्यात माठ आणि भिंतीवर जगाचा नकाशा. नकाशा मी लगेच ओळखला, माझ्या वर्गात अगदी तोच टांगलेला होता. फक्त यांनी त्यावर रंग दिला होता. सगळे देश एकाच रंगात. एकही सीमा शिल्लक नव्हती.

मी विचारलं, "हे त्या परदेशातल्या लोकांचं सरकार का?"

"नाही," सर म्हणाले. "हे आपलं. आपण जागे झालो तर होईल ते."

मला हसू आवरेना. म्हणजे जगाचं एकच सरकार असायला यांची काही हरकत नव्हती. सीमा पुसायला नव्हती, सगळ्यांना एका कायद्यात कोंबायलाही नव्हती. हरकत एवढीच की खुर्चीवर दुसरं कोणी बसतंय. मी हे तोंडावर बोलून दाखवलं. सरांना जराही राग आला नाही. त्यांनी मला चहा दिला, ताई म्हणाले, आणि विचारलं की माझा पगार कोण देतं. मी म्हणाले सरकार. आणि पुस्तक? तेही सरकार. ते माझ्या भावाकडे वळून नुसते हसले. भावाने मान खाली घातली. माझी लाज वाटल्यासारखी.

मी पुष्कळ बोलले. पंचवीस पोरी एका वर्गात गप्प बसवणारी बाई मी, मला बोलायची सवय आहे. पण तिथे मी जे बोलेन ते त्यांच्या बाजूने जमा होत होतं. पुरावा मागितला तर म्हणाले, पुरावा ठेवायला ते लोक काय दूधखुळे आहेत? वर्तमानपत्रात असं काही येत नाही म्हटलं, तर म्हणाले, येणारच नाही, हेच तर सांगतोय. मी जिना उतरले.  मला स्पष्ट कळलं होतं की माझ्यापाशी असं एकही वाक्य नाही, जे त्या खोलीत आत जाऊन तसंच राहील.

त्या वर्षीच्या कानबाईला तो दोन सोबत्यांना घेऊन घरी आला. पोरं वाईट नव्हती. अंगणात चपला ओळीत काढून ठेवल्या, मायच्या पाया पडली. जेवणाची वेळ झाली आणि तो त्यांना घेऊन सरळ कानबाईसमोरच्या पंगतीत बसला. माय वाढता वाढता थांबली.

"यास्नी मूठ घेयेल नही, बापा," ती हळूच म्हणाली. "यास्ले मी ओटावर वरणभात वाढस. तूप बी देस."

"माय, ह्या मन्हा भाऊ शेतस."

"व्हतीन. पन रोट कसा देऊ? मन्हा घरना नही शेतस त्या."

मीही ओट्यावरच होते. लग्न झाल्यापासून रोट मलाही बंद झाला होता. तरी मला राहवलं नाही. मी तिथूनच म्हणाले, "अरे, बाहेरच्याला आत घ्यायचं नाही हे तर तुमचंच म्हणणं ना? मग माय दुसरं काय करतेय?" मला ते फार बिनतोड वाटलं होतं. कोणीच हसलं नाही.  भाऊ उठला, ते दोघंही उठले. त्याच्या ताटातला रोट तसाच होता.

"मंग मी तरी तुन्हा कोन लागस?" तो मायला म्हणाला आणि गेला.

मायने त्याला हाक मारली नाही. देवीसमोर आवाज चढवायचा नाही म्हणून. ती दाराच्या चौकटीला हात लावून उभी राहिली आणि वरणाची वाटी तिच्या हातात कलंडत गेली. मी पुढे होऊन ती धरली. त्या दिवशी माझ्याकडून तेवढंच झालं.

त्यानंतर तो घरी राहायला आला नाही. सरांच्या माडीवरच राहू लागला. कधीमधी गावात यायचा तो पत्रकं वाटायला. मी ती पत्रकं वाचायचे आणि माझ्या एक लक्षात यायला लागलं. सुरुवातीला त्यातला शत्रू समुद्रापलीकडे होता. मग तो मुंबईत आला. मग जळगावात. मग आमच्या गावात, पिंपळाच्या पलीकडे, आरोग्य उपकेंद्राच्या दोन खोल्यांत.

तिथे सिस्टर राहायच्या. चाळीसगावकडच्या, बौद्ध घरातल्या, एकट्या. स्वभावाने कडक. न सांगता बाळंतीण घरी ठेवली तर नवऱ्याला चारचौघांत झापायच्या. बर्फाच्या पेटीत लस घेऊन उन्हातान्हात वस्त्यांवर चालत जायच्या, आणि पोरांना दंडाला धरून आणायच्या. गावातल्या निम्म्या बायकांची त्यांच्यावाचून सुटका झाली नसती. पण त्या पेटीवर कुठल्याशा परदेशी संस्थेची निळी खूण छापलेली होती, आणि पत्रकात त्या खुणेचं चित्र होतं. खाली लिहिलं होतं की ही लस नव्हे, वंश बुडवायचं औषध आहे आणि गावात जगाच्या सरकारची पहिली चौकी बसली आहे.

चौकी! दोन गळक्या खोल्या, एक टेबल आणि स्टोव्हवर सुया उकळणारी एक बाई.

मी आबांना म्हणाले, सरपंचांना सांगा, हे पत्रक वाटणं थांबवा. आबा गेले. सरपंच म्हणाले, कागदाला कोण विचारतं. मी सिस्टरांना म्हणाले, काही दिवस रजा घ्या. त्या म्हणाल्या, "माझ्या जागी कोण येणार, तुम्ही?" मी भावाला भेटायला जळगावला दोनदा गेले, तो माडीवरून खाली आला नाही. खिडकीत उभा राहून त्याने मला पाहिलं मात्र. मी रस्त्यावर उभी, तेलाच्या दुकानासमोर डबे घेऊन रांग लावलेली माणसं माझ्याकडे बघत होती. बरं, ओरडून सांगायचं तरी काय? घरी चल, एवढंच माझ्याकडे होतं आणि ते त्याला माहीत होतं.

बाजाराच्या दिवशी दुपारी, गाव रिकामं असताना, सरांच्या लोकांनी उपकेंद्र पेटवलं. सिस्टर आतल्या खोलीत होत्या. पेटवणाऱ्यांना ते माहीत होतं की नव्हतं, यावर पुढे बरंच बोलणं झालं. मला त्याने काही फरक पडत नाही. त्या बाहेर आल्या, पण डावा हात खांद्यापासून भाजला. गावात राहिलेल्या लोकांनी बैलगाडीतून हायवेला आणि तिथून ट्रकने त्यांना धुळ्याला नेलं. सिव्हिल हॉस्पिटलात मी रोज शाळा सुटल्यावर जायचे. त्या माझ्याशी बोलायच्या नाहीत. मी डबा ठेवायचे आणि निघायचे. दुसऱ्या दिवशी डबा घासून ठेवलेला असायचा.

बऱ्या झाल्यावर त्या एकदाच गावात आल्या, सामान न्यायला. सामान असं काही उरलंच नव्हतं. मग आमच्या घरी आल्या. माय चुलीपाशी होती, मी दारात.

"आग लागली तेव्हा तुमचा मुलगा दारात उभा होता," त्या मायला म्हणाल्या. "मी पाहिलं. पोलिसांना सांगितलंय. तुम्हाला दुसऱ्या कोणाकडून कळू नये म्हणून आले."

मायने त्यांना बसायला पाट दिला. त्या बसल्या नाहीत. माय त्यांच्या त्या हाताकडे बघत होती. मग तिने एकदम पदर तोंडात कोंबला आणि खाली बसली.  "येते," सिस्टर म्हणाल्या आणि गेल्या. त्यांची बदली चाळीसगावच्या बाजूला झाल्याचं पुढे कळलं. त्यांच्याकडे कोणी माफी मागायला गेलं का? गावातून तर कोणी नाही. आम्ही गेलो असतो तर कोणत्या तोंडाने, हे आबा आणि मी खूप दिवस बोलत राहिलो आणि गेलो नाही.

तो त्याच दिवसापासून नाहीसा झाला होता. सर आणि बाकीचे पकडले गेले, यथावकाश सुटलेही. हा फरारी. पोलीस आधी आठवड्याला यायचे, मग महिन्याला, मग यायचे बंद झाले. आबांनी घरात सांगून टाकलं, "या घरमा त्यानं नाव काढानं नही." भिंतीवरचा त्याचा फोटो उतरवून पेटीत टाकला. 

पण श्रावण आला. मायने सूप पुढे ओढलं. आबांची मूठ घेतली, काकांची, चुलतभावांची, त्यांच्या पोरांची घेतली. मग जरा थांबली आणि आणखी एक मूठ घेतली. आबा खांबाला टेकून बसले होते, त्यांनी पाहिलं.   नाव काढायचं नाही असं त्यांनी सांगितलं होतं, आणि मायने ते काढलं नव्हतं.

त्याचा रोट झाला. तो खायचा कोणी? भाऊबंदांनी आपापलं खाल्लं आणि त्याला कोणी हात लावला नाही. कोणी म्हणालं नाही, पण नको वाटलं असणार. बाहेर द्यायचा नाही, टाकायचा नाही. तो टोपलीत कडक होत राहिला. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी आबांनी तो मागून घेतला आणि ओट्यावर बसून खाल्ला. पूर्ण, चूरही ठेवला नाही. दरवर्षी हेच. ज्या माणसाने त्याचं नाव बंद केलं, त्यानेच दरवर्षी त्याचा वाटा संपवला. मी कानबाईला गेले की राखीपर्यंत राहायचे आणि हे बघायचे. आबांना काही विचारायची माझी छाती झाली नाही.

मग माय गेली. आजारी होती, पण शेवटच्या उन्हाळ्यात तिने गहू पाखडून, निवडून, कडुलिंबाचा पाला घालून डबा भरून ठेवला होता. रोटाचे म्हणून वेगळे. त्या श्रावणात सुपापाशी चुलतभावजय बसली. सगळ्यांच्या मुठी घेऊन झाल्यावर तिने वर पाहिलं.

"आबा, भाऊनी मूठ घेऊ का?"

 मी बाहेरची, मला बोलायचा हक्क नव्हता. तो जिवंत आहे की नाही, हे आमच्यातल्या कोणालाच माहीत नव्हतं. मला आजोबांच्या वेळचा गव्हाचा तो आवाज ऐकू येऊ लागला.

"घे," आबा म्हणाले.

आणि त्याच दुपारी तो आला.

अंगणात चपला काढल्या, ओळीत. दाढी वाढलेली, खांदे आत गेलेले. मी आधी ओळखलंच नाही. ओळखलं तेव्हा दोन गोष्टी एकदम मनात आल्या. धावत जाऊन त्याला धरावं ही एक, आणि सिस्टरांचा हात ही दुसरी. मी जागची हलले नाही.

"माय कोठे शे?" त्याने विचारलं.

"गयी," आबा म्हणाले.

तो ओट्यावर बसला. रडला नाही, नुसता पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिला. भावजयीने कोणाला न विचारता ताट वाढून आणलं. रोट, खीर, भाजी. त्याच्याच नावाचा रोट. आबाही आपलं ताट घेऊन बाहेर आले आणि इतक्या वर्षांनी त्याच्या शेजारी बसले.  माझ्या मनात आलं की आता हा एक घास खाईल आणि काही तरी सुटेल. काय ते मला माहीत नव्हतं. पोलीस आहेत, खटला आहे, शिक्षा होईल, होऊ दे. पण आधी एक घास.

त्याने रोटाचा तुकडा मोडला. नाकाशी नेला.

"गहू कोठला शेतस?"

"घरना शेतस," मी म्हणाले. "मायनी निवडेल शेतस. तिन्हा हातना शेवटला गहू शेतस ते."

त्याचे डोळे भरून आले. ते मी पाहिलं, अगदी स्वच्छ पाहिलं. तुकडा त्याच्या ओठांपर्यंत गेला. तिथेच थांबला.

"आनि बियानं?" तो म्हणाला. "बियानं कोठलं व्हतं?"

 मग आबा म्हणाले, "सोसायटीनं."

त्याने तुकडा ताटात ठेवला. घाबरल्यासारखा. मग झटक्यात त्याने आबांचं मनगट धरलं, त्यांच्या हातात घास होता.

"आबा, तुम्ही नका खावा. त्यामा त्यास्नी टाकेल शे. मायले बी त्यास्नीच मारं व्हई." तो आबांच्या मुठीतून घास काढून घ्यायला लागला, एकेक बोट सोडवत, लहान मुलाच्या हातातून काही धोक्याचं काढून घ्यावं तसं. "नका खावा, आबा. तुम्हना पाया पडस."

मला वाटलं होतं की त्याच्यात माया उरली नसेल. ती होती, सगळीच्या सगळी होती. माडीवरच्या त्याच खोलीत राहायला गेली होती एवढंच. मी ओरडले, काय काय बोलले ते आठवत नाही. सिस्टरांचं बोलले, मायचं बोलले, त्या नकाशाचं बोलले. तो माझ्याकडे दयेने बघत राहिला, माडीच्या खिडकीतून पाहिलं होतं तसाच. आबांनी हात सोडवून घेतला नाही. घास त्याला नेऊ दिला.

उन्हं उतरायच्या आत तो निघून गेला. दुसऱ्या दिवशी मी पोलीस ठाण्यात गेले आणि तो येऊन गेल्याचं सांगितलं. आबांना सांगून गेले, ते नको म्हणाले नाहीत. हवालदार म्हणाला, आला होता ना, मग गेलाही ना, आता आम्ही कुठे बघायचं? त्याने लिहून घेतलं आणि मला एस.टी.ची वेळ सांगितली.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी आबांनी त्याचा रोट मागून घेतला. त्याने मोडलेला तुकडा त्यातच होता. एव्हाना आबांचे बरेच दात गेले होते, म्हणून मी तो दुधात भिजवून दिला. ते खात होते आणि मी समोर बसले होते. इतकी वर्षं न विचारलेलं मी त्या दिवशी विचारलं.

"आबा, आते पुढला वरीस?"

त्यांनी वाटी तोंडाला लावून खालचं दूध संपवलं, धोतराच्या सोग्याने तोंड पुसलं.

"मूठ घेनी पडी," आबा म्हणाले. "जित्ता शे ना तो."